दोन पुस्तकांतला ड्रायव्हर

सासरे अंघोळ करून उघड्या अंगाने बाहेर आले, तेव्हा सुनेने त्यांच्या खांद्यांकडे नीट बघून घेतलं. डावा, मग उजवा, मग पुन्हा डावा. सुरकुतलेली कातडी आणि दोन-चार तीळ. गोळीची खूण कुठे दिसेना.

"काय गं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही बाबा, पाठीला साबण राहिलाय."

ते मुकाट्याने परत आत गेले आणि नसलेला साबण धुऊन आले.

उद्यापासून ती पुन्हा कामावर रुजू होणार होती. ठमी अजून वर्षाचीही नव्हती, आणि दिवसभर तिला सांभाळणार होते हेच आजोबा. म्हणून त्यांच्या उशाशी असायची ती दोन्ही पुस्तकं आज स्वयंपाकघराच्या ओट्यावर आली होती. लग्नाआधी करायची चौकशी ती मूल झाल्यावर करत होती.

साहेब म्हणजे एक बडे पुढारी; त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा त्यांची गाडी सासरे चालवत होते. मारेकरी एकटाच होता, असं सरकारने सांगून टाकलं होतं. काळ्या कव्हरचं पुस्तक म्हणत होतं, तो कट होता आणि ड्रायव्हर त्यात सामील होता. ठरल्याप्रमाणे त्याने गाडी इमारतीच्या पुढच्या दाराऐवजी मागच्या दाराशी लावली आणि गोळ्या सुटायच्या आत तो उतरून बाजूला झाला. निळं पुस्तक म्हणत होतं, कट-बिट सगळं थोतांड. ड्रायव्हर साहेबांच्या अंगावर आडवा पडला आणि त्याच्या डाव्या खांद्यात गोळी घुसली.

ते मागचं दार काही तिने पाहिलेलं नव्हतं. माणूस तेवढा रोज डोळ्यांसमोर होता. तेव्हा घरबसल्या जे पडताळता येईल, ते ती पडताळत होती. निळ्या पुस्तकातला ड्रायव्हर डावखुरा होता. सासरे माशी मारायची तरी उजव्या हाताने मारत. निळ्यातला बिनसाखरेचा चहा घ्यायचा. सासऱ्यांना तीन चमचे साखर लागे, आणि वर कपाच्या तळाशी बोट फिरवायला ते मोकळे.

काळ्या पुस्तकातला ड्रायव्हर मात्र निघण्याआधी चाकाला हलकीशी लाथ मारून बघायचा. विचारात पडला की कानाची पाळी ओढायचा. तोंड मिटून गाण्याची एकच ओळ गुणगुणायचा, पुढची कधीच नाही. ठमीच्या बाबागाडीलासुद्धा सासरे अशीच लाथ मारून मग दाराबाहेर पडत.

"निळ्या पुस्तकात तुझ्या वडिलांना मूलबाळच नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा तिच्या उद्याच्या कपड्यांना इस्त्री करत होता. "मग हे काम कोण करतंय?"

"थट्टा नको. काळ्यातलं सगळं जुळतंय."

"सगळं म्हणजे काय, कानाची पाळी? अगं, पाणी घालणाऱ्या गवळ्याच्या दुधातही बरंचसं दूधच असतं."

"आणि निळ्यात?"

"निळ्यात नुसतं पाणी आहे," तो म्हणाला. "पण बिचाऱ्याने चांगल्या मनाने घातलंय."

"तू त्यांना कधी विचारलं नाहीस?"

त्याने झालेल्या कॉलरवरून पुन्हा एकदा इस्त्री फिरवली. "वडील आहेत माझे," तो म्हणाला.

यातून काय घ्यायचं, तिला कळेना. जो त्यांना ओळखत होता, तो वाईट लिहून गेला होता. जो चांगलं लिहीत होता, त्याने त्यांना कधी पाहिलंही नसावं.

ठमी उठली. तिला कडेवर घेऊन, दुसऱ्या हातात चहा घेऊन ती बाहेरच्या खोलीत गेली. सासरे खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. तिने कप त्यांच्यासमोर ठेवला आणि धीर सुटायच्या आत विचारून टाकलं.

"बाबा, त्या दिवशी गाडी मागच्या दाराशी का लावली होती?"

त्यांनी कानाची पाळी ओढली. चष्मा कुठे ठेवलाय ते आठवत असावेत, तसा चेहरा झाला होता.

"कुठल्या पुस्तकातलं विचारतेस?"

"पुस्तकातलं नाही. तुमचं."

"माझं," ते म्हणाले. "किती जणांनी विचारलं गं. आधी पोलीस, मग चौकशीवाले, मग हे लिहिणारे. सांगून सांगून झिजलं ते. आता वाचलं की वाटतं, हो, असंच झालं होतं. काळं वाचलं की काळ्यातल्यासारखं." त्यांनी कप उचलला. "म्हणून हल्ली मी निळंच वाचतो."

त्यांनी चहाचा घोट घेतला आणि कप लगेच खाली ठेवला.

"साखर घातलीस?"

"तीन चमचे. नेहमीसारखी."

"मी कुठे घेतो साखर," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. सून नवीन आहे, हळूहळू कळेल, अशा सुरात बोलले.

एवढ्यात ठमीने त्यांच्याकडे झेप घेतली. त्यांनी हात पुढे केले, मग काहीतरी आठवून खुर्चीतच अंग वळवलं आणि उजवा खांदा पुढे केला.

"या बाजूला दे. डावा अजून दुखतो."

ठमी अर्धीअधिक त्यांच्याकडे झुकली होती. तिची मूठ आजोबांच्या कानाच्या पाळीपर्यंत पोचलीसुद्धा. आईचे हात मात्र अजून तिच्या बगलांतच होते.