सातव्या आवृत्तीवरचा एकटा माणूस

पाच वाजता दहावी आवृत्ती बाहेर पडणार होती आणि तिला सर्व्हरवर बसायला जागाच नव्हती. सर्व्हर देणगीत मिळालेला. धर्माच्या गाईचे दात कोण मोजणार? बारा-तेरा हौशी माणसांनी मिळून चालवलेली ही लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकट प्रणाली. पगार कुणालाच नाही, पण आज उत्साह असा की निम्मे जण दुपारचं जेवणच विसरले होते. या सगळ्यांवर देखरेख एका तरुणीची. फुकट राबणाऱ्यांनाही ती कामाला जुंपते म्हणून ग्रुपवर तिचं नाव पडलं होतं मुकादम. तिचा एक नियम दगडावरची रेघ होता: शेवटच्या दिवशी एका अक्षरालाही हात लावायचा नाही.

जागा करायची तर सातवी आवृत्ती पुसायला हवी होती. पण या लिनक्समध्ये पायरी गाळून वर चढता येत नाही. सातवरून आठ, आठवरून नऊ, असंच जावं लागतं. सातवी पुसली की तिच्यावर उरलेल्याची वर यायची वाट बंद. आणि कुणाला वाटेत टाकून पुढे जायचं नाही, हे तर सगळ्यांनी मिळूनच ठरवलेलं.

सातवर कोणी उरलंय का, तिने विचारलं. सर्व्हर सांभाळणाऱ्या, ग्रुपवर 'दाढी' म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या गड्याने लगेच कळवलं की फक्त एक मशीन आहे, रोज सकाळी नवीन काही आलंय का विचारतं. कुठल्यातरी ऑफिसच्या अडगळीत लोक विसरले असतील, आपलं आपोआप विचारत बसलंय, पुसून टाक.

तिलाही तेच वाटत होतं. तरी मागून रुखरुख नको म्हणून तिने वर्षभराच्या नोंदी उघडल्या. नऊ वाजून दहा. नऊ वाजून चार. नऊ वीस. आपोआप चालणारं मशीन असं मागेपुढे करत नाही. मग तिच्या लक्षात आलं, यात एकही सोमवार नाही. वर्षभरात एकही नाही. ती खुर्चीतून उठलीच. आठवड्याची सुट्टी माणूस घेतो, मशीन नाही. तिने ग्रुपवर तसं लिहिलं आणि तिथे नुसता गलका उडाला. कोण असेल, कुठला असेल, इतकी वर्षं सातवर का बसलाय? दाढी मात्र वैतागला. सव्वाचार वाजलेत, म्हणाला, आता याला शोधणार कुठे?

शोधावं लागलंच नाही. फेब्रुवारीत सलग आठ दिवस नोंद नव्हती. त्या तारखा तिला तोंडपाठ होत्या. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, ती रजा काढून गावी गेली होती, आणि त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आठ दिवस बंद होतं. एरवी ते फक्त सोमवारी बंद असायचं.

तिने फोन लावला आणि विचारलं, दुकानातल्या कॉम्प्युटरवर रोज नवीन काही आलंय का बघता का? बाबा मोजकं बोलणारे. रविवारचा फोनसुद्धा दोन मिनिटांत उरकायचे. हो, म्हणाले, कुलूप काढलं की आधी ते बटण दाबतो. नोकरीला जाताना तूच कॉम्प्युटर लावून दिलास आणि रोज दाबा म्हणालीस. तिला हसूही आलं आणि धस्सही झालं. आत्ता सातवी पुसली असती तर उद्या सकाळी त्यांच्यासमोर आलं असतं, संपर्क होत नाही.

पण कॉम्प्युटर तर वर्षानुवर्षं पुढची आवृत्ती घ्यायची का विचारत असणार. मग ते दर वेळी 'नाही' का म्हणत राहिले, तिने विचारलं.

बाबा म्हणाले, "बटण दाबलं की ते म्हणतं, 'सगळं ठीक आहे, काळजी नको.' तू म्हणाली होतीस, हे वाक्य मी लिहिलंय. शेजारच्या दुकानात नवीन आहे, तिथे म्हणतं, 'प्रणाली अद्ययावत आहे.' ते काही तुझं बोलणं नाही."

तिला आठवलं. ते वाक्य म्हणजे या लिनक्ससाठी तिने केलेलं पहिलं काम. आठव्या आवृत्तीत कुणीतरी ते शुद्ध करून टाकलं होतं, आणि तिने मान डोलावली होती. तिचे डोळे भरून आले, पण पाय मात्र जागच्या जागी नाचत होते.

"बाबा, फोन ठेवू नका," ती म्हणाली. "आज आपल्याला तीन पायऱ्या चढायच्यात."

आणि दुसऱ्या हाताने तिने ग्रुपवर लिहिलं: पाच वाजता नाही, सात वाजता. सातवरचा माणूस सापडलाय, त्याला वर घेऊन येतेय. तोवर दहावीतलं एक वाक्य बदला, सातवीतलं जुनं परत घाला: सगळं ठीक आहे, काळजी नको.