चहा आला की

गिऱ्हाइकाच्या घरी नळ दुरुस्त करताना चहा आला की मी सावध होतो. नुसता चहा आला, तर बिलातले पन्नास कमी करायला सांगणार. सोबत बिस्किटं असली, तर अर्धे पैसे पुढच्या आठवड्यावर. आणि "तुम्ही तर आता घरचेच" असं कानावर आलं, की पैसे बुडालेच म्हणून समजा. वीस वर्षं प्लंबिंग करतोय, केस उगाच नाही पिकले.

आज एका बाईंनी तिन्ही केलं. मी कपाला हातही न लावता बिल पुढे सरकवलं. त्यांनी निमूटपणे सगळे पैसे दिले. तरी जिना उतरताना मी प्रत्येक नोट उजेडात धरून बघितली.

घरी येऊन हत्यारांची पिशवी टेकवतोय, तोच लेकीने चहाचा कप पुढे धरला. बशीत दोन बिस्किटंही होती.

"किती पाहिजेत?" मी विचारलं.

ती गोंधळली. "कशाचे? बाबा, आज पहिल्यांदा मी एकटीने केलाय. पिऊन तरी बघ."