आन इकडे!

गटप्रमुख सुकेशनी पुरती वैतागली होती. मालेगावची बस निघायला आली, घरी वर्षभराची लेक वाट पाहत असेल, आणि फार्मसीच्या प्रयोगशाळेत निता कॅलामाइनची भुकटी निवांत खलत होती. “आन इकडे, तुह्या हातानं सांज होईन!” म्हणत तिने बत्ता हिसकावला आणि खलात सगळं पाणी एकदम ओतलं. लोशनऐवजी गुठळ्या झाल्या. “पुन्हा करा, नाहीतर गट नापास,” मॅडमनी बजावलं. सुकेशनी साथीदारांवरच उखडली, “पाणी थोडंथोडं घालतात, एकालेही ठाऊक नव्हतं?” “मले होतं,” राजपाल म्हणाला. “पण ताई, तुमी कोणाले बोलू देता का?” निता पुटपुटली, “पोरीच्या हातातला चमचाबी असाच हिसकत असान.” सकाळी सुकेशनीने तेच केलं होतं. खिडकीबाहेर बस निघून गेली. तिने बत्ता निताला दिला. हात आपोआप पुढे सरसावले, तेव्हा ते ॲप्रनच्या खिशात कोंबले.