चौथा रकाना

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि विचारलं, “सोबत कोणी आलंय का?”

चिठ्ठीबाईंनी नकारार्थी मान हलवली. त्यांचं सगळं लक्ष डॉक्टरांच्या तोंडाकडे होतं. पर्समध्ये कोरी चिठ्ठी आणि टोक काढलेली पेन्सिल तयार होती.

बाई शब्दकोशाच्या कचेरीत होत्या. तिथला नियम कडक. उदाहरणाचं वाक्य मनाने रचायचं नाही, कानांनी ऐकलेलंच लिहायचं. चिठ्ठीवर चार रकाने : शब्द, वाक्य, कोण बोललं, कोणाला. बाईंनी तीस वर्षं बसथांब्यावर, दुकानात, जिन्यात लोकांची बोलणी टिपली, म्हणून नावच पडलं चिठ्ठीबाई. परिणाम असा, की बाई दिसल्या की लोक तोंडाला कुलूप लावत. कचेरीतल्या गप्पाही त्या आल्या की थांबत. घरी तर बोलणारं कोणी नव्हतंच.

‘पोट’ या शब्दाच्या चिठ्ठ्यांनी खोका भरला होता. कुणाचं पोट भरत होतं, कुणाच्या पोटात गोळा येत होता. ‘जठर’ मात्र कोणी बोलेना. अन्न पचवणारी पिशवी, एवढा अर्थ लिहून झाला होता. वाक्याची जागा कोरी. शनिवारपर्यंत वाक्य मिळालं नाही तर शब्दच गाळू, असं संपादक म्हणाले. बाईंना ते फार लागलं. कोणी बोलत नाही म्हणून काय गाळून टाकायचं?

म्हणून त्या पोटदुखीचं निमित्त काढून डॉक्टरांकडे आल्या. दुखत होतंच म्हणा, बरेच महिने, पण सांगणार कोणाला? पहिल्या खेपेला डॉक्टरही नुसतं पोट-पोटच करत राहिले. मग तोंडातून नळी घालून तपासणी झाली. आज शुक्रवार होता.

“मुलगा, भाऊ, निदान शेजारचं कोणी?” डॉक्टर म्हणाले. “असलं आम्ही घरच्यांना सांगतो.”

“कोणी नाही. मलाच सांगा.”

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. आवाज खाली आणला.

“बाई, तुमच्या जठरात गाठ आहे. बरीच वाढली आहे.”

बाईंनी चिठ्ठी काढली. शब्द लिहिला, वाक्य लिहिलं. कोण बोललं : डॉक्टर. चौथ्या रकान्याशी पेन्सिल थांबली. आजवर तिथे सुनेला, गिऱ्हाइकाला, शेजारणीला असं हजारदा लिहून झालं होतं.

आज त्यांनी पहिल्यांदाच लिहिलं : मला.