लाल रेघ

मामाची नोकरी त्या दुपारी गेली. तूर्त मात्र ती गेलेली नाही असंच धरायचं, कारण मामाही तसंच धरून भाच्याच्या खुर्चीमागे उभा होता आणि त्याला अक्कल शिकवत होता.

"सगळा प्रोग्राम लिहून झाल्यावर चुका शोधत बसतोस. ज्यात टाइप करतोस त्या एडिटरलाच कामाला लाव की! तुझा हात थांबला, की तो फाइल तपासणार. चुकलं तिथे लाल रेघ. तुझ्या मामीसारखं, वाक्य पुरं व्हायच्या आत."

भाच्याला हसू आलं नाही. सकाळी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं होतं. साहेब घरी मीठ मागतानासुद्धा सरकारी पत्रासारखं बोलत.

"सदर ज्येष्ठ कर्मचाऱ्यास सेवेतून कमी करणारा प्रोग्राम आपण आजच लिहावा. अन्यथा आपलाही विचार करण्यात येईल."

सदर ज्येष्ठ कर्मचारी म्हणजे मामा. त्यानंच भाच्याला इथे चिकटवलं होतं. तोंडावर सांगायची साहेबांची छाती नव्हती. प्रोग्रामनंच नाव कमी करायचं आणि दाराचं कार्ड बंद करायचं.

सेटिंगमध्ये तपासणीची आज्ञा लिहायला रिकामी चौकट होती. भाच्याच्या बोटांना रोजची आज्ञा पाठ होती. त्यांनी ती ठोकून दिली.

"झालं?"

"झालं."

"मग लिही आता, बिनघोर," म्हणत मामा पार्टिशनपलीकडे आपल्या जागी गेला.

भाच्यानं पहिली ओळ लिहिली: सगळे कर्मचारी घे. शेवटची लिहिली: त्यांना कमी कर. आता मधे अट घालायची, ज्याचा क्रमांक अमुक असेल त्यालाच. अर्ध्या ओळीवर हात अडला. लगेच लाल रेघ उमटली. कुणीतरी खेकसावं तशी.

त्यानं ती अर्धी ओळ पुसून टाकली. रेघ गेली. कोपऱ्यात हिरवी अक्षरं आली: चूक नाही.

सकाळपासून पहिल्यांदाच त्याला जरा बरं वाटलं. तो त्या अक्षरांकडे बघत हात मांडीवर ठेवून बसला.

दाराशी कुणाचं तरी कार्ड टिटिट करत राहिलं. "अहो, उघडा!" एक जण बघायला उठला. मग दुसरा. "काय कटकट आहे?" म्हणत साहेबही गेले. जो गेला त्याच्यामागे दार आपोआप लागलं आणि तो परतला नाही.

"सगळे मेले कुठे?" मामा आला आणि स्क्रीनवर वाकला. वाचता वाचता त्याचा आवाज उतरला.

"कुणाला काढायचं होतं?"

"तुला."

"मग माझा क्रमांक का नाही घातलास?"

"हात उठेना, मामा."

मामानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्याला चौकटीतली आज्ञा दिसली आणि त्याच हाताची टपली झाली.

"गाढवा, ही तपासायची नाही, चालवायची आज्ञा आहे! तू अट पुसलीस आणि यानं सगळ्यांनाच काढलं."

काचेच्या दाराबाहेर अख्खं ऑफिस उभं होतं. सगळ्यांत पुढे साहेब, मेलेलं कार्ड छातीशी धरून. मनुष्यबळ विभागाच्या बाई त्यांच्या शेजारीच आपलं मेलेलं कार्ड काचेवर घासत होत्या. साहेब त्यांच्याकडे वळले, टाय नीट केला आणि म्हणाले, "निम्नस्वाक्षरीकारास सेवेत पूर्ववत सामावून घेण्यात यावे, ही नम्र विनंती."