शेजारचा डेस्मंड

तनामीच्या माळावर कोरडी वीज पडून गवत पेटलं, तेव्हा नोरीनचा मुलगा डेस्मंड कांगारूच्या शिकारीला गेलेला होता. माणसं गाडी घेऊन त्याला शोधायला गेली. नोरीन पायीच निघाली, कुंपणापासूनच त्याला नावाने हाका मारत.

आमच्याकडे मेलेल्याचं नाव कुणी घेत नाही. त्याच नावाचा दुसरा कुणी असला, तर त्यालाही मग सगळे 'कुमन्जाय' म्हणतात. म्हणून ती मुद्दाम मोठ्याने हाका मारत होती.

शेजारच्या म्हाताऱ्याचं नावही डेस्मंडच.

"घसा फोडू नकोस, पोरी," तो म्हणाला. "आळशी आहे तो, पडला असेल कुठेतरी सावलीत. या वयात मला नाव बदलायला लावायचा नाही."

"तुम्ही कशाला दर हाकेला ओ देताय, काका?"

"मग? नाव माझंच ना."

ती जराशी हसली आणि पुढे गेली.

दुपारी पावसाने आग विझवली. जळलेल्या रानातून दोनदा तिला ओ आल्यासारखी वाटली. दोन्ही वेळा ती धावली. तिथे ओली राख होती.

संध्याकाळी ती परतली, तेव्हा माणसांची गाडी दारात उभी होती. शेजारी चूल पेटलेली होती, आणि म्हातारा तिच्याकडे पाठ करून बसला होता. त्याची बायको लोर्ना कप घेऊन बाहेर आली.

 

"कुमन्जाय," ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "चहा घे."