निळ्या पाण्यातला थेंब

नोरीनच्या रक्ताचा थेंब बाटलीतल्या निळ्या पाण्यात पडला आणि बुडायचं सोडून वरच तरंगत राहिला.

नर्सने घड्याळ पाहिलं. पंधरा सेकंद झाले तरी थेंब तिथेच. "रक्तात लोह कमी आहे, बाई. या खेपेला तुमचं रक्त नाही घेता येणार."

रक्तदानाची गाडी आयर्लंडच्या लीट्रिम परगण्यातल्या त्या गावात वर्षातून दोनदा यायची, चर्चच्या हॉलमध्ये खाटा मांडायची. नोरीनची आज पन्नासावी खेप. पन्नासाव्या खेपेला सोनेरी पिन मिळते, आणि ती पिन समोर टेबलावर डबीत दिसत होती. नोरीन त्यासाठी कोटाच्या कॉलरला इस्त्री करून आली होती. तिला रडूच आलं असतं, पण अर्धं गाव बघत होतं, म्हणून राग आला.

"खाता काय तुम्ही?" नर्सने विचारलं.

"कोंबडी. उकडलेली, भाजलेली, सूपमधली. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या छातीत कळ आली, डॉक्टरने त्याचा बीफचा स्टेक बंद केला. तेव्हापासून आमच्या घरात बीफ शिजलेलं नाही."

"स्टेक त्यांचा बंद केला ना? तुमचा कुणी बंद केला?"

"त्याच्यासमोर बसून मी स्टेक खाऊ? माझ्या घशाखाली उतरेल का?"

नवरा, म्हणजे फेलिम, चहाच्या टेबलापाशी बसला होता. रक्त दिलं की काळ्या बिअरची एक बाटली मिळे. नोरीन पीत नसे, म्हणून तो दर खेपेला न चुकता सोबत यायचा. आता तो हातातल्या बिस्किटाकडे टक लावून बघत होता.

शेजारच्या खाटेवर गावचा खाटीक मॅलकी रक्त देत पडला होता. विषय त्याच्या दुकानातला निघाला आणि तो गप्प राहिला, असं कधी झालं नव्हतं.

"नोरीन, ऐक माझं. प्रोटीन म्हणशील तर कोंबडी कुठे कमी नाही, उलट चिमूटभर जास्तच. चरबी स्टेकच्या निम्मीही नाही, म्हणून तर डॉक्टरलोक तिच्या प्रेमात. पण लोह? कोंबडीच्या छातीचा तुकडा घे, तेवढाच स्टेक घे. स्टेकात तिप्पट निघेल. अगं, रंगावरूनच कळतं. काय हो नर्स, खोटं बोलतोय का मी?"

"खरं आहे ते. जस्तही स्टेकमध्येच जास्त," नर्स म्हणाली.

"तू बोलशीलच," नोरीन मॅलकीला म्हणाली. "दुकानात बीफ टांगून बसलायस." मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. त्यामुळे तिला आणखी जोर चढला. "मग हा फेलिम कसा ठणठणीत? तीन वर्षं माझ्याच भांड्यातली कोंबडी खातोय, आणि गाल बघा. कोंबडीत काही नसतं तर हा एव्हाना पांढराफटक पडला असता. बिघाड आहे तो तुमच्या पाण्यात."

मॅलकीने तोंड उघडलं आणि परत मिटलं. गुरांच्या बाजारातल्या खाणावळीला दर मंगळवारी स्टेकचं मांस तोच पुरवायचा. रांगेतले सगळे बाप्ये मंगळवारी तिथेच जेवायचे. ते एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

"फेलिम, इकडे ये. बोट दे."

"मला कुठे रक्त देता येतं? माझ्या गोळ्या चालू आहेत."

"रक्त कोण मागतंय? एक थेंब दे. एका भांड्यातलं खातो आपण. तुझाही तरंगला तर दोष कोंबडीचा, मी मुकाट्याने घरी जाईन. बुडाला तर यांचं पाणी खोटं."

नर्सलाही आता राहवेना. फेलिम उठला आणि इंजेक्शनला नेलेल्या बैलासारखा एकेक पाऊल टाकत आला. तिने त्याच्या बोटाला टोचलं. थेंब पाण्यात पडला आणि थेट तळाला गेला.

"वा," नर्स म्हणाली. ती डब्लिनची, तिला काय ठाऊक. "या वयात इतकं चांगलं रक्त क्वचित बघायला मिळतं हो."

नोरीन वाकून बाटलीत बघत राहिली. पाणी खोटं आहे, असं म्हणायला तिने तोंड उघडलं होतं, पण मॅलकी छताकडे बघत होता, आणि रांगेतल्या एकाचीही मान वर नव्हती. मंगळवारी रात्री फेलिमला कधीच भूक नसे. बाजारातल्या कलकलाटाने भूक मरते म्हणायचा. ती त्याच्या वाट्याची तंगडी झाकून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम करून वाढायची. तीन वर्षं.

तिला फार वाईट वाटलं. तिने सावकाश कोट घातला, कॉलर सारखी केली.

"पुढची खेप कधी?" तिने नर्सला विचारलं.

"सहा महिन्यांनी."

मग ती फेलिमकडे वळली.

"कांद्याबरोबर देतात की नुसता?"

फेलिम बोटावरचा कापूस दाबत उभा होता.

"कांद्याबरोबर," तो म्हणाला.

"येत्या मंगळवारी मी पण येतेय बाजाराला," नोरीन म्हणाली. "तुझ्यासाठी डब्यात कोंबडी घेईन."